डब्यावरचं नाव

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. स्टीलचा, कडीचा, अंगानं गोल. एका बाजूला पोचा पडलाय, झाकण नीट बसत नाही, आणि जोर लावून बसवायला गेलं की कुरकुर करतं. म्हातारपणी कोण करत नाही? पण मोडीत काढण्याइतका मी काही टाकाऊ नाही. माझ्या अंगावर दोन नावं कोरलेली आहेत. दोन्ही माझी नाहीत. ती माझ्यावर कशी आली, एवढंच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याच्या चकतीवर यंत्राचा ठोका पडला आणि मला पोट आलं, दुसऱ्या ठोक्याला कड वळली. मग ट्रकमधून बीडला आलो आणि भांड्यांच्या एका दुकानात दोरीला लटकून बसलो. माझ्या शेजारचे तांबे, ताटल्या, पेले लग्नसराईत पटापट गेले. मी आपला लोंबकळतोय. मनात म्हणायचो, बाबा रे, तुझं काही खरं नाही.

एक दिवस दिंद्रुडहून मोहनराव फपाळ आले. बरोबर त्यांची बायको छबुबाई आणि तिचं बोट धरून चालणारी वैष्णवी. पोरगी त्या वर्षी पहिल्यांदा शाळेत जाणार होती. तिनं दुकानात शिरल्या शिरल्या माझ्याकडे बोट केलं आणि ‘ह्यो’ म्हणाली. दुकानदारानं दुसरे चार डबे दाखवले, चित्रांचे, रंगीत झाकणांचे. पोरगी हटून बसली. तेव्हाच मी तिच्यावर जीव टाकला.

आमच्याकडे नवं भांडं घेतलं की त्यावर नाव टाकून घेतात. लग्नाकार्यात भांड्यांची सरमिसळ होते, मग आपलं कोणतं ते नावावरून ओळखायचं. दुकानदाराकडे त्यासाठी सुईचं मशीन असतं. ते अंगाला टेकलं की टर्रर्र आवाज होतो आणि तळापर्यंत झिणझिण्या येतात. त्यानं माझ्या पोटावर कोरलं, ‘वैष्णवी मोहनराव फपाळ, दिंद्रुड’. गावाचं नाव छबुबाईनं मुद्दाम टाकायला लावलं. तिचं म्हणणं, कुठं हरवला तर लोक वाचून आणून देतील. हे तेवढं ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

शाळेतले ते दिवस आठवले की अजून माझ्या पोटात धपाट्यांचा वास येतो. छबुबाईच्या हाताला चव होती. कधी धपाटे, कधी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. वैष्णवी लहान, रस्ता मोठा, म्हणून तिला शाळेत न्यायचं काम साळव्यांच्या यशोधरेकडे होतं. यशोधरा चार-पाच यत्ता पुढे. तिचे वडील माणिकराव साळवे माजलगावच्या आगारात एसटीच्या गाड्या दुरुस्त करायचे. यशोधरा एका हातात वैष्णवीचा हात आणि दुसऱ्या हातात माझी कडी धरून चालायची. सुट्टीत दोघी लिंबाखाली बसायच्या आणि माझ्यातलं अर्धं अर्धं खायच्या. वैष्णवीला भाकरीचे पापुद्रे आवडायचे, ते यशोधरा काढून द्यायची. पोरींना हे घर कुणाचं, ते घर कुणाचं, काही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

एकदा वैष्णवीला शाळेतच ताप भरला. मोहनराव येऊन तिला मोटारसायकलवर घेऊन गेले आणि मी यशोधरेच्या दप्तरात राहिलो. तेव्हा मी साळव्यांचं घर पहिल्यांदा पाहिलं. यशोधरेची आई मालनबाई स्वच्छतेची मोठी. तिनं मला राखेनं घासलं, उन्हात पालथं घातलं आणि मग पोटभर शेंगदाण्याचे लाडू भरले. ‘दुसऱ्याचा डबा रिकामा धाडू न्हाई,’ ती लेकीला म्हणाली. आजारी पोर आहे, तोंडाला चव येईल, असं तिच्या मनात होतं. मला तर नवरदेवासारखं वाटत होतं.

यशोधरा मला घेऊन फपाळांच्या दारात उभी राहिली. छबुबाई बाहेर आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग झाकणाकडे. हात पुढे आला नाही. ‘राहू दे गं तुझ्याकडंच,’ ती गोड आवाजात म्हणाली. ‘आमच्याकडं दुसरा हाय.’

मी खुळा! मला वाटलं, बाईचं मन केवढं मोठं, आख्खा डबा देऊन टाकला. पण यशोधरेनं माझी कडी घट्ट आवळली. ती उलटी फिरली आणि तडक घरी आली. मालनबाईनं लाडू भरलेले तसेच पाहिले आणि तिच्या लगेच ध्यानात आलं. साळव्यांचं घर बौद्धांचं. छबुबाई बोलायला लाघवी, अडीनडीला धावून जायची, पण साळव्यांच्या चुलीवरचं काही तिच्या उंबऱ्याच्या आत जात नव्हतं, आणि त्या घरी भरलेलं भांडंही परत जात नव्हतं. माणिकराव त्या दिवशी लई चिडले. मालनबाई एवढंच म्हणाली की पोरीनं शिकावं, बाकी सगळं मागून येईल. मला फार लागलं, मित्रांनो. मी तोच होतो, माझ्यावरचं नावही तेच होतं, आणि तरी त्या घरानं मला ओळख दिली नाही.

दुसऱ्या दिवशी वैष्णवीच्या हातात प्लॅस्टिकचा डबा होता. वर राजवाड्याचं चित्र, आत दोन दिवसांत हळदीचे डाग. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पण वैष्णवी सुट्टीत तो घेऊन यशोधरेजवळच बसायची आणि माझ्यातलंही खायची. आईला न सांगता. माझ्यावरचा हक्क पोरीनं सोडला नाही.

यशोधरा शिकली. अंबाजोगाईला नर्सिंगला गेली तेव्हा मी ट्रंकेत होतो. पुढे वैष्णवीही त्याच गावात कॉलेजला आली, आणि यशोधरेला सरकारी दवाखान्यात नोकरी लागली ती थेट उत्तरेत, डोंगरातल्या एका शहरात. त्या शहराचं नाव मी घेणार नाही. का म्हणाल, तर नाव घेतलं की लोकांना फक्त बॉम्ब आठवतात. मला आणखी कितीतरी आठवतं. भट्टीतून निघणाऱ्या गरम रोट्या, नदीवरचा लाकडी पूल, खिडकीत वाळत घातलेल्या लाल मिरच्या, आणि राबिया आपा.

राबिया आपा म्हणजे यशोधरेची घरमालकीण. नवरा यूसुफचाचा शालींना रफू करायचे. वरच्या खोलीत यशोधरा, खाली हे दोघं. पहिल्या आठवड्यात यशोधरेनं धपाटे केले, मला भरलं आणि भीत भीत खाली नेऊन दिलं. देऊन लगेच वर पळाली. मला कळत होतं ती का पळाली. हातात घेतात, तसाच परत देतात, का नुसतं गोड बोलतात, तिला पाहायचंच नव्हतं.

संध्याकाळी आपा स्वतः जिना चढून वर आली. गुडघे दुखायचे तिचे. मला यशोधरेच्या हातात दिलं तेव्हा मी गरम होतो. आत राजमा-भात होता. रिकामा डबा परत कसा द्यायचा, असं आपा तिच्या भाषेत म्हणाली. यशोधरा तिथंच दारात रडायला लागली, आणि बिचाऱ्या आपाला वाटलं आपल्या हातून काही चुकलं.

तेव्हापासून मी जिन्यावरून वरखाली. वर जाताना भरलेला, खाली येताना भरलेला. आमची यशोधरा बीडकडची हिंदी बोलायची, ‘आपा, मेरेकू नक्को, पेट भर गया.’ आपाला त्या ‘नक्को’चं इतकं हसू यायचं की तीही बोलायला लागली. यूसुफचाचांनी दुसरा चहा मागितला की खालून आवाज यायचा, नक्को! एकदा आपानं माझ्यावर काय लिहिलंय ते विचारलं. यशोधरेनं नाव वाचून दाखवलं, आपल्या धाकट्या मैत्रिणीचं म्हणून सांगितलं. बाकी काही सांगितलं नाही. झालं, आपा मलाच वैष्णवी म्हणू लागली. वैष्णवीला घासलं का, वैष्णवी आज उपाशी का. मी डबा, मला पोरीचं नाव, पण मला ते आवडायचं. आयुष्यात तेवढं सुख मी कधी पाहिलं नाही.

अधूनमधून शहरात काही व्हायचं. लांब कुठंतरी आवाज यायचा, दुकानांची शटरं खाली पडायची, आपा रेडिओला कान लावून बसायची. मग दोन दिवसांनी शटरं वर जायची आणि लोक भाजी घ्यायला निघायचे. बाहेरच्यांना वाटतं तिथली माणसं भीतीला सरावतात. तसं नाही हो. पोट कुणाला सुटलंय? घरातून निघताना प्रत्येक जण मागे वळून एकदा दाराकडे बघायचा, हे मी रोज पाहिलं आहे.

त्या दिवशी यशोधरा घाईत निघाली आणि मला घरीच विसरली. दुपारी तिचा निरोप आला की एक नर्स रजेवर आहे, तिलाच पुढची पाळी करायची आहे. आपानं लगेच भात टाकला. यूसुफचाचा म्हणाले मी नेतो, तर त्यांना म्हणाली, नक्को, तुम्ही शाल पुरी करा. तिनं अंगात तपकिरी स्वेटर घातला, ज्याच्या कोपरावर चाचांनी रफू केलं होतं, आणि माझी कडी हातात घेतली.

बसथांबा बाजाराच्या तोंडाशीच होता. गर्दी होती. एक माणूस मक्याची कणसं भाजत होता, दोन बहिणी लग्नाचं कापड घेऊन आल्या होत्या आणि कुणाचा रंग जास्त खुलतो यावर भांडत होत्या. बाकाखाली कुणाचीतरी पिशवी होती. पिशवीच्या तोंडातून स्टीलची कड दिसत होती. मला बरं वाटलं, म्हटलं आपल्या जातीचा कुणीतरी आहे, कुणाचं जेवण घेऊन आलाय. आपानं तर ती पिशवी पाय लागेल म्हणून हातानं थोडी आत सरकवली.

तो डबाच होता, मित्रांनो. माझ्यासारख्याच कारखान्यात, तसाच ठोका खाऊन पोट आलेला. त्याच्यात कुणीतरी माणसं मारायचं सामान भरलं होतं.

आवाज मला आठवत नाही. आवाजानंतरची शांतता आठवते. माझं झाकण उडालं, एक बाजू आत गेली, भात रस्त्यावर सांडला. कणसाची शेगडी उलटली होती. लग्नाचं कापड वाऱ्यावर हलत होतं आणि त्या दोघी बहिणी हलत नव्हत्या. संध्याकाळी बातमीत नुसता आकडा सांगितला. कणीसवाला त्या आकड्यात होता, त्या बहिणी होत्या, आणि माझी आपा होती. माझी कडी तिनं शेवटपर्यंत सोडली नव्हती. कुणीतरी तिची बोटं हळूच उघडली, तिला गाडीत घातलं आणि मी रस्त्यावर राहिलो, नाव आभाळाकडे करून.

कुणीतरी रस्त्यावरच्या वस्तूंचे फोटो काढले. त्यात माझा एक. फोटो या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरत घटकाभरात दिंद्रुडच्या ग्रुपवर येऊन पडला. पुढचं मी नंतर ऐकलं, मालनबाई आणि छबुबाई बोलत बसल्या तेव्हा.

फोटोत नाव स्वच्छ दिसत होतं. वैष्णवी मोहनराव फपाळ, दिंद्रुड. छबुबाईनं हौसेनं टाकायला लावलेलं गावाचं नाव लोकांनी वाचलं आणि खरंच घरी आणून दिलं. मोहनरावांच्या दारात माणसं जमली. वैष्णवी अंबाजोगाईला आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कॉलेजची सहल उत्तरेला जाणार म्हणून तिनं घरी विचारलं होतं आणि मोहनरावांनी नाही म्हटलं होतं. पोरगी न सांगता गेली असेल का? तिचा फोन बंद होता. मोहनराव भिंतीला टेकून खाली बसले. छबुबाईनं असा हंबरडा फोडला की रस्त्यानं जाणारी माणसं थांबली. लेकीला जाऊ दिलं असतं तर निदान हसत गेली असती, हेच ती पुन्हा पुन्हा बोलत होती.

उन्हं उतरल्यावर वैष्णवीचा फोन आला. ती कॉलेजात प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसली होती, फोन बाहेर पिशवीत होता. घरात आनंदानं पुन्हा रडारड झाली. तेवढ्यात वैष्णवी फोनवर म्हणाली, ‘आई, त्यो डबा माझ्याकडं कुठं हाय? तू परत घेतलाच न्हाईस. त्यो यशूताईकडं हाय.’

छबुबाई म्हणते, आपली न्हाई म्हणून जीव भांड्यात पडला आणि पुढच्याच क्षणाला कुणीतरी मुस्काटात मारल्यागत झालं. तशीच ती उठली, डोक्यावरचा पदर सावरायचंही भान नव्हतं, आणि साळव्यांच्या घराकडे निघाली. मालनबाई दारात मेथी निवडत बसली होती. तिच्याकडे ना तसला फोन होता ना कुणी तिला काही सांगायला आलं होतं. छबुबाईनं इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो उंबरा ओलांडला. तिनं मालनबाईचे दोन्ही हात धरले आणि फोटोतल्या डब्याचं सांगितलं. मालनबाईच्या हातातली मेथी गळून पडली.

यशोधरेचा फोन लागत नव्हता. माणिकराव आगारातून घरी आले. दोघी बायका फोन मध्ये ठेवून भिंतीशी बसून राहिल्या. मधेच छबुबाईनं उठून त्यांच्या माठातलं पाणी आणलं, मालनबाईला पाजलं, आणि त्याच तांब्यातलं स्वतः प्यायली. आपण काय केलं हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

शेवटी फोन वाजला. यशोधरा इतका वेळ जखमींमध्ये उभी होती, फोन कपाटात, हात रक्तानं भरलेले. तिथंच तिनं कोपरावर रफू केलेला तपकिरी स्वेटर ओळखला होता. तोवर त्या देहाला नाव नव्हतं. आपाच्या अंगावर चादर ओढून ती पुढच्या माणसाकडे वळली होती, कारण तो जिवंत होता. ‘आई, मी हाय,’ ती म्हणाली. ‘आपा गेल्या. माझाच डबा घेऊन येत होत्या.’

पोलिसांनी मला बरेच दिवस ठेवून घेतलं. मग यूसुफचाचांकडे दिलं. त्यांनी मला ठोकून ठोकून बऱ्यापैकी सरळ केलं, झाकण शोधून आणवलं. शालीचं भोक बुजवणारे हात ते, पण पोचा पुरता निघाला नाही. यशोधरा सुट्टीवर गावी निघाली तेव्हा मी त्यांच्या हातात होतो, अक्रोडांनी भरलेला. ती घ्यायला तयार होईना. चाचा म्हणाले, ‘खाली कैसे दूँ बेटी? वो नाराज होगी.’

येताना स्टेशनावर सारखं सांगत होते, बेवारस डबा दिसला तर हात लावू नका. माझ्याशेजारी बसलेली बाई जरा दूर सरकली. एका शिपायानं झाकण उघडायला लावलं आणि आत अक्रोड पाहून ओशाळला. त्याचं काय चुकलं? एकेकाळी मला पाहून पोरांच्या तोंडाला पाणी सुटायचं, आता माणसं दचकतात. त्या बॉम्बवाल्यांनी आम्हा डब्यांची ही गत केली आहे, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

दिंद्रुडला आल्यावर दुसऱ्याच दिवशी यशोधरा मला घेऊन फपाळांच्या दारात उभी राहिली. तेच दार. माझी कडी पुन्हा तिच्या बोटांत. ‘काकू, डबा परत द्यायचा राहिलता,’ ती म्हणाली. मित्रांनो, स्फोटातही वाटली नव्हती तेवढी भीती मला त्या दारात वाटली.

छबुबाईनं मला दोन्ही हातांनी घेतलं. छातीशी धरलं. तिथंच पायरीवर बसून तिनं दगडानं एक अक्रोड फोडला, अर्धा यशोधरेच्या तोंडात घातला आणि अर्धा स्वतः खाल्ला. मग ती म्हणाली, ‘त्या दिवशी घेतला असता, तर काय झालं असतं गं मला?’ यशोधरा तिच्याशेजारी पायरीवर बसली. तिनं राबिया आपाची गोष्ट सांगितली, जिन्याची, ‘नक्को’ची, आणि ती मला वैष्णवी म्हणायची त्याची. छबुबाई ऐकत राहिली.

पुढच्या बाजारात तिनं मला बीडला नेलं, त्याच दुकानात. दुकानदार म्हणाला, बाई, ह्यो मोडीत घाला, नवा घेऊन जा. तिनं मान हलवली आणि म्हणाली, नाव टाकायचंय. मशीन माझ्या पोटाला टेकलं, तशाच झिणझिण्या आल्या. त्यानं विचारलं, काय टाकू? ‘राबिया,’ छबुबाई म्हणाली. दुकानदारानं तिच्या कुंकवाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, ह्या तुमच्या कोण?

‘मी हिच्यासाठी दुपारभर रडलेय,’ छबुबाई म्हणाली. ‘नाव तेवढं चुकलं होतं.’

आता मी साळव्यांच्या आणि फपाळांच्या घरांमध्ये फेऱ्या मारत असतो. इकडून धपाटे, तिकडून लाडू. मधूनच यशोधरेबरोबर डोंगरातल्या त्या शहरात जातो, चाचांना शेंगदाण्याची चटणी देऊन येतो. ती तिखट लागते म्हणून ते डोळे पुसतात, असं म्हणतात खरं.

मित्रांनो, डब्यात काय भरायचं हे डब्याच्या हातात नसतं. ते तुमच्या हातात आहे. तुमच्या घरात कुणाचा डबा पडून असेल तर आजच परत करा, आणि रिकामा नको. आणि कुणी भरलेला डबा घेऊन तुमच्या दारात उभं राहिलं, तर आधी हात पुढे करा. नाव मागून वाचा.